पहिली २० पानं

माझा एक अनुभव आहे, शास्त्रीय वगैरे काही नाही, पण पुस्तक घेतलं त्याच दिवशी त्याची पहिली २० पानं वाचून झाली नाहीत तर ते पुस्तक गेलं म्हणून समजायचं. घरी येतं, टीव्हीखालच्या कप्प्यात जातं, दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघतं, "अय्या, हे आपल्याकडे आहे?" असं होतं आणि फडक्याने पुसून परत कप्प्यात. अशी आमच्याकडे ३७ आहेत. मी नाही मोजली, नवऱ्याने मोजली, आणि मोजून झाल्यावर काही बोलला नाही, नुसता आकडा सांगितला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून मी एक नियम केलाय, वाचायला कुठे बसणार हे ठरल्याशिवाय पुस्तक घ्यायचं नाही. आणि सगळा घोळ तिथेच आहे बघा. पुण्यात पुस्तक घ्यायला पायलीला पन्नास जागा आहेत, पण घेतलेलं पुस्तक उघडून तासभर टेकायचं म्हटलं तर कुठे टेकणार?

सुरुवात अर्थातच अप्पा बळवंत चौकापासून. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे, त्यांच्या नावाचा चौक, पण पोरं त्याला एबीसी म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकांच्या चौकाला हे नाव इतकं फिट्ट बसलंय की बाहेरगावच्या माणसाला ते मुद्दाम ठेवलंय असंच वाटेल. जूनमध्ये तिकडे फिरकू नका. सगळे आईबाप हातात शाळेची यादी घेऊन, खाकी कव्हरांचे रोल काखेत, कुणाला गाईड हवंय कुणाला अपेक्षित प्रश्नसंच, मधूनच कोणीतरी स्कूटर घालतो, आणि त्यात तुम्ही जाऊन विचारणार की कवितेचं काही नवीन आलंय का. नका जाऊ.

तिथली बरीच जुनी दुकानं काउंटरची. म्हणजे पुस्तकं आत, तुम्ही बाहेर, मध्ये फळी. किराणा दुकानासारखं. माझा तिथला ठरलेला संवाद असा असतो.

"काय देऊ?"

"बघते जरा."

"काय बघता?"

आता याला काय उत्तर देणार. पण दहा बाय बाराचं दुकान, त्यात चार माणसं आणि छतापर्यंत गठ्ठे, मी आत शिरून बघायला लागले तर एका माणसाला बाहेर यावं लागेल, त्यामुळे त्या काकांचंही बरोबर आहे. गंमत म्हणजे नाव माहीत असेल तर यांच्याइतकं फास्ट कोणी नाही. मान वर न करता माळ्याच्या दिशेने एक हाक जाते, वरून एक हात खाली येतो, हातात पुस्तक. कॉम्प्युटर नाही काही नाही. एकदा तर मला नाव आठवत नव्हतं, लेखक आठवत नव्हता, मी म्हटलं, "काका, ते निळं कव्हर, विहीर आहे त्यात," तर त्यांनी दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं आणि बरोब्बर काढून दिलं. वर म्हणाले, "कव्हर बदललंय आता, हिरवं आहे."

चाळून घ्यायचं असेल तर चौकातच रसिक साहित्य आहे, बाजीराव रोडला अक्षरधारा आहे, तिथे फळ्या आपल्या हाताला येतात. मी उभ्याने वाचते. पण उभ्याने वाचायला एक मर्यादा असते, मला कुणी सांगितलेली नाही पण आपली आपल्याला कळते. तीन पानं. चौथं पान उलटलं की मानेवर कोणीतरी बघतंय असं वाटायला लागतं, प्रत्यक्षात कोणी बघत नसतं, ते बिचारे बिलं करत असतात. मग मी उगाच पुस्तक पालथं करून किंमत बघते, म्हणजे घेण्याचा विचार चालू आहे असं दिसावं.

इंग्रजी हवं असेल तर डेक्कनला इंटरनॅशनल बुक सर्व्हिस, १९३१ सालचं. नव्वदी ओलांडलेलं पुस्तकाचं दुकान म्हणजे मला घरातल्या मोठ्या आत्याबाईंसारखं वाटतं, आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो. कॅम्पातलं मॅनीज २०१२ मध्ये बंद झालं तेव्हा बातमी वाचून मी तडक गेले होते, हळहळत दोन पुस्तकं घेतली, आणि रिक्षात बसल्यावर आठवलं की त्याआधी पाच वर्षं मी तिकडे पाऊलही टाकलं नव्हतं. त्या दोन पुस्तकांपैकी एक ३७ मध्ये आहे.

सेकंडहँडचं वेगळंच. रद्दीच्या दुकानात, जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी, कुठेही ढिगाऱ्यात हात घातला की नशीब. मला असंच ३० रुपयांना एक जाडं पुस्तक मिळालं, कापडी बांधणी, पानं पिवळी पण वाळवी नाही. पहिल्या पानावर निळ्या शाईत, अगदी वळणदार अक्षर, "सौ. वहिनींस सप्रेम भेट." आणि त्याच्या खाली, त्याच अक्षरात पण जरा बारीक, "वाचून झाल्यावर परत करणे." मी हसून हसून रडकुंडीला आले. सप्रेम भेट आणि परत करणे! मग विचार करत बसले की वहिनींनी ते परत केलं का. केलं असेल तर दिराच्या घरून रद्दीत गेलं, नसेल केलं तर वहिनींच्या. ८६ व्या पानावर एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ आहे आणि समासात "खरं आहे" एवढंच, आणि ते अक्षर वेगळं आहे. त्यानंतर शेवटपर्यंत कुठे रेघ नाही. म्हणजे वहिनी ८६ पर्यंत तरी गेल्या होत्या, माझ्या हिशोबाने पास.

तर आता वाचायला बसायचं कुठे.

पहिला विचार हॉटेलचा येतो. डेक्कनच्या एका जुन्या इराण्याकडे मी गेले, बनमस्का, चहा, संगमरवरी टेबल, सगळं पुस्तकात असतं तसं, आणि दुसऱ्या पानावर कळलं की माझ्या खुर्चीच्या मागे एक अख्खं कुटुंब उभं आहे आणि त्यातला छोटा मुलगा माझा बन किती उरलाय ते बघून आईला सांगतोय. मी बन गिळला आणि उठले.

बागेत जावं तर आपल्याकडे बहुतेक बागा दुपारच्या बंद. दुपारी एक ते चार आता दुकानंसुद्धा उघडी असतात, बागा तेवढ्या झोपतात.

बुक कॅफे झालेत आता, कोथरूडला वारी, बाणेरला पगदंडी, आणि छान वाटतं तिथे, खोटं कशाला बोलू, पुस्तकं घरच्यासारखी मांडलेली असतात आणि कोणी "काय बघता" म्हणत नाही. पण मी पडले मध्यमवर्गीय. एका कॉफीवर किती पानं वाचायची याचा हिशोब माझ्या डोक्यात चालू राहतो, साधारण १२ पानांना मला अपराधी वाटायला लागतं, मग मी अजून काहीतरी मागवते, मग २० पानं पुस्तकाच्या किमतीपेक्षा महाग पडतात.

सगळ्यात मजा आली अभ्यासिकेत. सदाशिव पेठ, नवी पेठ, त्या भागात दर दोन इमारतींमागे एक अभ्यासिका, एमपीएससीवाली पोरं, पार्टिशनची टेबलं, लॉकर, पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, वाचायची जागा म्हणजे हीच की! गेले एकीत, विचारलं एक दिवसाचे किती घेता.

"कोणत्या परीक्षेची तयारी?" तिथला मुलगा.

"कसलीच नाही. कादंबरी वाचायचीय."

तो जरा थांबला. "मॅडम, मुलांना डिस्टर्ब होतं."

"अरे मी मनातल्या मनात वाचते."

"तसं नाही हो. त्यांना पण वाचावीशी वाटते ना मग."

यावर मी काय बोलणार. त्याच्या स्वतःच्या टेबलावर चालू घडामोडींचा मासिक अंक होता आणि त्याच्या खालून एका जाड पुस्तकाचा कोपरा दिसत होता, कुठलं ते कळलं नाही, त्याने हात ठेवला त्याच्यावर.

मग पेठेतल्या एका वाचनालयात शिरले, वृत्तपत्र विभाग सर्वांना खुला असतो तिथे. उतरत्या लाकडी टेबलांवर पेपर लावलेले, पंखा गरगरतोय, आणि सगळे आजोबा. म्हणजे सगळेच. एकजण निधनवार्ता वाचत होते आणि मध्येच शेजारच्याला कोपराने ढोसून एका फोटोवर बोट ठेवत होते, शब्द नाही. मी पुस्तक उघडून बसले तर एकेक चष्मा वर झाला, पाच मिनिटांनी खाली गेला, कोणी काही म्हणालं नाही, उलट एकांनी पंख्याखालची जागा दिली. पण मला सारखं जाणवत राहिलं की इथे साडी नाही, ओढणी नाही, मीच एकटी. पुणे नगर वाचन मंदिर, ज्याचं मूळचं नाव नेटिव्ह जनरल लायब्ररी, ते १८४८ चं. आणि बुधवार पेठेत भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली तीही १८४८ मध्येच. दोन्ही एकाच वर्षी सुरू झालं, आणि पेपर वाचायला दुपारी येऊन बसणाऱ्या बायका मला अजून दिसत नाहीत. दुपारी आम्ही असतो कुठे? मी माझ्यापुरतं आठवून पाहिलं, तर गिरणीत, रेशनकार्डाच्या रांगेत, नाहीतर कुणाला तरी कुठून तरी आणायला गेलेली.

२०२४ च्या डिसेंबरात पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने "शांतता... पुणेकर वाचत आहेत" असा उपक्रम झाला, दुपारी एक तास सगळ्या शहराने असेल तिथे वाचायचं. मी तेव्हा बँकेत होते, पासबुक मशीनपुढे, आणि पर्समध्ये पुस्तक होतं. उभ्याने ११ पानं झाली. मशीन बंद आहे हे मला १२ व्या पानाला कळलं.

त्यावरून डोक्यात प्रकाश पडला. जागा शोधायचीच कशाला, मी रोज संध्याकाळी मुलीच्या क्लासखाली स्कूटीवर बसून असतेच की, सहा ते सात, रोज एक तास, फोनमध्ये डोकं घालून. परवा शनिवारी चौकातून पुस्तक घेतलं, थेट क्लासखाली गेले, गाडी मेन स्टँडला लावली, पाय फुटबोर्डवर, पर्स हुकला, आणि उघडलं. शेजारच्या ॲक्टिव्हावरच्या बाईंनी आधी वाकून कव्हर बघितलं, मग म्हणाल्या, "संपलं की द्याल?" मी वहिनींचं आठवून घाईघाईने म्हटलं, "देईन, पण परत द्या हं."

मग दिवे लागले, डास आले, मी ४३ पानांवर पोचले. क्लास सुटल्याचा गलका झाला तोही मला लांबून ऐकू आल्यासारखा. मुलगी येऊन समोर उभी राहिली, दप्तर खांद्यावरच, आणि माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होती.

"आई, तू किल्ली चालू ठेवून बसलीयेस. इंडिकेटर चालूये तुझा."

"कधीपासून?"

"मला काय विचारतेस? उजवीकडे वळायचं होतं का तुला?"

बटण दाबलं तर गाडी नुसती कुरकुरली. शेवटी ॲक्टिव्हावाल्या बाईंनी किक मारून दिली, मला ती कधी जमलेलीच नाही.