जपानी हॉर्नबीम, इंदूरची गच्ची: बी ते पहिला उन्हाळा

जपानी हॉर्नबीम हे थंड हवेतलं पानझडी झाड, बोन्सायसाठी बीपासून वाढवायला घेतलंय. मागच्या नोंदीला ४० बिया फ्रिजात होत्या. उगवल्या ११, टिकली ९ रोपं. हॉर्नबीमच्या मानानं हे वाईट नाही. याच्या कित्येक बिया आतून पोकळच निघतात. न उगवलेल्यांपैकी तीन कापून पाहिल्या: दोन रिकाम्या, एकीत पांढरा टणक गर. ती मेलेली नव्हती, झोपलेली होती. म्हणून उरलेला ट्रे फेकायचा नाही, ओलसर ठेवायचा. काही बिया दुसऱ्या वसंतात जाग्या होतात.

टपालानं आलेल्या वाळक्या बीला आधी ऊब लागते, मग थंडी. अनंत चतुर्दशी ते दिवाळी ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रेतीच्या पिशवीत घरातच, नंतर १४ आठवडे फ्रिजात ४ अंशांच्या आसपास. कोकोपीट मुठीत दाबलं की जेमतेम एखादा थेंब निघावा. पिशवी चिंब राहिली की बुरशी धरते, आणि उगवल्यावर ट्रे चिंब राहिला की रोप मातीलगत कमरेतून मोडतं. दोन तशीच गेली.

बीजदलं, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पानं, गोलसर, जाड. खरी गंमत त्यानंतरच्या पानात: कडेला मोठे दात, त्या दातांवर बारीक दात, आणि शिरा इतक्या खोल की पान इस्त्रीच्या चुण्या घातल्यासारखं दिसतं. कूळ भूर्जाचंच. विकणारे युरोपीय हॉर्नबीमही जपानी म्हणून खपवतात, तेव्हा पूर्ण वाढलेल्या पानावर शिरा मोजा: जपानीत साधारण २० ते २४ जोड्या, युरोपीयात १० ते १५. फळ आलं तर शंकाच नको. जपानीचा झुमका खवल्यांवर खवले चढलेला, युरोपीयाचं प्रत्येक खवलं त्रिशूळासारखं तीन फाट्यांचं.

रंगपंचमी उलटली की लू, म्हणजे उन्हाळ्याचा कोरडा, तापता वारा. पानांच्या दातांची टोकं आधी तपकिरी होतात, मग कड करपते. पाणी कमी पडलं असं वाटून आणखी ओतू नका. कोरडा वारा पानातून जितकं ओढतो तितकं मूळ पुरवू शकत नाही, आणि चिखलात तर मूळच कुजतं. काळी प्लास्टिकची कुंडी बाजूनं तापते, ती आधी बदला. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत, मधल्या फटीत ओली रेती. सकाळी १० पर्यंत ऊन, नंतर ५० टक्के ग्रीन नेट, पश्चिमेला आडोसा. माती ३ भाग विटांचा चुरा, १ भाग पानखत. माळव्याची काळी माती चिमूटभरही नको.

फांद्यांना वळण द्यायची बोन्सायची तार इतक्यात नाही. साल पातळ असते, वण वर्षानुवर्षं दिसतो.