कांद्याच्या गावची लेक, बिनकांद्याचे सहा आठवडे

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, लासलगाव बाजार समितीपासून सात-आठ किलोमीटरवर. घरात भाजी नसली तरी चालायचं, बुक्कीने फोडलेला कांदा भाकरीबरोबर असायचाच. अशा घरातल्या मुलीला आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सहा आठवडे कांदा-लसूण पूर्ण बंद." मला आधी हसूच आलं.

ही जून २०२४ची गोष्ट. वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७६.४ किलो. नाशिकला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दुपारी डबा खाल्ला की तासाभरात पोटात गुबारा धरायचा. समोर खातेदारांची रांग आणि मी टेबलाआड ड्रेसची नाडी सैल करतेय. दोन वर्षं "गॅस झालाय" म्हणत ओवा चावला, इनो प्यायले.

मैत्रिणीने भरपूर पैसे मोजून दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करून घेतली होती. तिला म्हणे काकडीसुद्धा वर्ज्य निघाली. मीही तेच करणार होते, पण आमच्या डॉक्टरांनी अडवलं. असल्या तपासण्यांत दिसणारी आयजीजी प्रतिद्रव्यं तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात, म्हणाले. त्याऐवजी थायरॉइड, साखर आणि सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होते त्या आजारासाठी, टीटीजी ही रक्ततपासणी करून घेतली. "तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नका," हेही बजावलं. गहू आधीच बंद केला तर सीलिॲक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. माझी तिन्ही रिपोर्ट ठीक आली. साखर तेवढी काठावर होती.

मग आहारतज्ज्ञ. त्यांनी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तयार झालेली लो-फॉडमॅप पद्धत समजावली. काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि पोट फुगतं. कांदा, लसूण आणि गव्हातली फ्रुक्टन्स, दुधातलं लॅक्टोज, चवळी-राजम्यातली तशीच शर्करा. आधी हे सगळं बंद करायचं, मग एकेक परत आणून बघायचं. "आणि हे वजनाचं डाएट नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. डोक्यात मात्र वजनच होतं.

सुरुवात कधी करायची, हे पंचांगानेच ठरवलं. कांदेनवमीला घरातले कांदे भजी-थालीपिठात संपले आणि १७ जुलैच्या आषाढी एकादशीला सासूबाईंचा चातुर्मास सुरू झाला, त्याच दिवशी माझं पथ्य. "आमच्यासारखाच चातुर्मास पाळायचा, तर त्याला चिठ्ठी कशाला लागते गं?" आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. पहिला दिवस तर थाटात गेला. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तिन्ही माझ्या यादीत चालणारे! दोन ताटल्या खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वजनकाटा दोनशे ग्रॅम वर.

आईंचा चातुर्मास आणि माझं पथ्य एकच आहे हा समज आठवडाभरही टिकला नाही. त्यांना वांगं वर्ज्य, मला चालणारं. मला तूर आणि हरभऱ्याची डाळ बंद, त्यांचं एक वरण-आमटी-पुरण त्याशिवाय होत नाही. सगळ्यात मोठं भांडण लसणीच्या तेलावरून. फ्रुक्टन्स पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून तेलात लसूण तळायची, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी द्यायची. मला हे कळल्यावर सोनं सापडल्यासारखं झालं. आईंनी आपली कढई, झारा आणि तेलाची बरणी उचलून देवघराच्या बाजूच्या फळीवर नेऊन ठेवली. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग मला चालायचा, त्याचं तर घरात नावच काढायचं नव्हतं.

एक चूक दहाव्या दिवशी सापडली. सगळं पाळूनही पोट जड. बाईंनी विचारलं, हिंग कोणता? डबी उलटून वाचली, तर बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ! चिमूटभर हिंगाने एवढं काय होणार, असं मला आजही वाटतं. खरं कारण माझा काळा मसाला असावा. माहेरून आलेला, त्यात सुकवून भाजलेला कांदा असतोच, आणि तो मी डोळे झाकून रोज घालत होते. त्याची बरणी वरच्या कप्प्यात गेली आणि आईंचा गोडा मसाला खाली आला.

तेव्हापासून जे काही पुडीतून, पाकिटातून येतं ते उलटं करून वाचायची सवय लागली. वाचल्यावर बहुतेक वेळा परत ठेवलं जायचं. वडापाव, मिसळ, भेळ, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचे समोसे, सगळ्यांत कांदा, लसूण किंवा मैदा. दुधाचा चहा गेला, त्याबरोबर खारी गेली. मी हिशेबाची माणूस. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरी. वर्षानुवर्षं ही नोंद माझ्या कुठल्याच खात्यात नव्हती. पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, सहकारी लांबून बोलत. पाचव्या दिवसापासून कोरा चहा घशाखाली उतरू लागला.

पोळीऐवजी ज्वारीची आणि तांदळाची भाकरी. लहानपणी आईकडून शिकलेली, पण हात मोडला होता. पहिल्या आठवड्यात एकही गोल झाली नाही. गंमत म्हणजे पोळ्या मी चार कधी खाल्ल्या ते कळायचं नाही, भाकरी मात्र दीडच्या पुढे जात नसे. मुगाचं वरण छोटी वाटी, पालक, भोपळी मिरची, काकडी, पपई. सहा आठवड्यांनी, दहीहंडीच्या दिवशी, वजन ७२.९ आणि दुपारचा गुबारा गायब.

इथेच मी चुकणार होते. वजन उतरतंय, पोट शांत आहे, मग परत कशाला काही सुरू करायचं? चार जणी विचारत होत्या, "काय काय सोडलंस?" आणि यादी सांगताना माझी छाती फुगायची. बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे कायमचं करायचं नाही. याच फ्रुक्टन्सवर पोटातले उपयोगी जिवाणू जगतात, आणि डाळी सोडून शाकाहारी बाईला प्रथिनं कुठून मिळणार?

मग दुसरा टप्पा. एका वेळी एकच गट, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग तीन दिवस सुट्टी. मी त्याची वही घातली. डावीकडे जमा, म्हणजे पोटात गेलेलं. उजवीकडे नावे, म्हणजे त्याने केलेलं. दूध कपभर बिनतक्रार, दीड कपाला कुरकुर. पोळ्या दोनपर्यंत काही नाही. ज्या गव्हाला मी दोन वर्षं मनातल्या मनात आरोपी ठरवलं होतं, तो जवळपास निर्दोष सुटला. गणपती मध्येच आले, पण उकडीचे मोदक मी मोजून चार खाल्ले आणि वहीत चारच लिहिले. तुरीचं वरण चाललं, चवळी नाही. लसूण एका पाकळीतच पकडली गेली, संध्याकाळी सातला पोट ढोलासारखं.

कांद्याची परीक्षा मी माहेरी ठेवली. सप्टेंबर संपत आला होता, भाव चढा होता, आप्पा, माझे वडील, कांदा साठवायच्या चाळीपुढे बसून कांदा निवडत होते. "दोनशे क्विंटल कांदा हाये चाळीत, आन् लेक वही घिऊन आली," ते म्हणाले. पाव कांदा शिजवलेला खाल्ला, ठीक. दुसऱ्या दिवशी अर्धा, ठीकसं. तिसऱ्या दिवशी आप्पांनीच बुक्कीने फोडलेला कच्चा दिला. रात्रभर मी ओट्यावर फेऱ्या मारल्या. सकाळी त्यांनी काही विचारलं नाही, निघताना पिशवीत फक्त पातीच्या दोन जुड्या ठेवल्या.

कार्तिकी एकादशीला, १२ नोव्हेंबरला, काट्यावर ७०.२ आलं. आता वर्ष उलटून गेलं, ६९ ते ७० मध्ये रेंगाळतंय, त्याखाली जायचं नाव नाही. दिवाळीत एक किलो वाढतं, चकल्या मी मोजत नाही. चहा दोन कप, अर्धा चमचा साखर. खारी परत आलेली नाही, तिला कुणी बोलावलंही नाही.

त्या कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आईंनी चातुर्मास सोडला तो कांदाभज्यांनी. ताट समोर आलं, मी दोन उचलली. तिसऱ्याला हात घातला तशी त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं.

"वहीत काय लिहिलंय?"

"दोन."

"मग?"