‘नो लॉग्ज’वर विसंबण्याआधी

व्हीपीएन (तुमचं नेट एन्क्रिप्ट करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) सुरू केला की तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे इंटरनेट कंपनीला दिसायचं थांबतं, पण ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. त्यामुळे सर्व्हर किती देशांत आहेत यापेक्षा त्या कंपनीकडे तुमच्याबद्दल काय साठतं, हे आधी बघा.

‘आम्ही लॉग (म्हणजे तुमच्या वापराच्या नोंदी) ठेवत नाही’ असं जवळपास प्रत्येकजण लिहितो. यूएफओ व्हीपीएननेही लिहिलं होतं, आणि २०२० साली त्यांच्या ग्राहकांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या. याउलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन मलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण हवी ती माहिती तिथे साठवलेलीच नव्हती. अशी प्रत्यक्ष कसोटी मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते. ती नसेल तर बाहेरच्या संस्थेने केलेलं ऑडिट वाचा, आणि त्यात दोन गोष्टी शोधा: तारीख, आणि तपासलं काय. फक्त अ‍ॅप तपासलं असेल तर सर्व्हरवरच्या लॉगबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मालक कोण हेही पाहाच. केप टेक्नॉलॉजीजने २०२१ साली एक्सप्रेसव्हीपीएन विकत घेतलं, आणि त्याच वर्षी व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या साइट्स चालवणारी कंपनीही घेतली. ‘टॉप टेन’ याद्या वाचताना हे ध्यानात असू द्या.

खातं उघडताना जितकं कमी मागतील तितकं चांगलं. मलवाड ईमेलही मागत नाही. १६ अंकी खाते क्रमांक देतं, महिन्याला ५ युरो घेतं, पाकिटातून पाठवलेली रोख रक्कमही चालते. फुकटच हवं असेल तर प्रोटॉन व्हीपीएनचा मोफत प्लॅन घ्या: त्यात डेटाची मर्यादा नाही, आणि खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांमधून निघतो. उत्पन्न कुठून येतं हे न सांगणारं मोफत अ‍ॅप मात्र टाळाच. होला हे मोफत व्हीपीएन आपल्या वापरकर्त्यांची बँडविड्थ (त्यांच्या नेट कनेक्शनची क्षमता) दुसऱ्यांना विकत होतं, हे २०१५ मध्ये उघड झालं. दोन वर्षांच्या सवलतीला भुलू नका. आधी एकच महिना घ्या आणि त्यात पुढच्या तपासण्या उरका.

आयपीलीक डॉट नेट ही साइट व्हीपीएन लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा उघडा. दुसऱ्या वेळी तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) दिसला तर गळती आहे. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता; त्याचा आयपीव्ही४ हा जुना आणि आयपीव्ही६ हा नवा प्रकार. आयपीव्ही६ चा पत्ता पहिल्यासारखाच राहिला तरीही तेच: व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ सांभाळतोय आणि बाकीचं बाहेरून जातंय. वेबआरटीसीच्या (ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करण्याच्या तंत्राच्या) रकान्यातही तुमचा खरा सार्वजनिक पत्ता दिसता कामा नये.

मग किल स्विच (व्हीपीएन तुटला की नेटच बंद करणारी सोय) चालू करून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून व्हीपीएनची प्रक्रिया सक्तीने बंद करा. नेट चालूच राहिलं आणि खरा आयपी दिसला, तर तो किल स्विच कुचकामी. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या बटणापेक्षा फोनच्या सेटिंग्जमधलं ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि त्याखालचं ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन रोखा’, ही दोन्ही चालू करणं जास्त भरवशाचं.

प्रोटोकॉल, म्हणजे व्हीपीएन जोडण्याची पद्धत, वायरगार्ड ठेवा. तो यूडीपी या प्रकारच्या वाहतुकीवर चालतो, आणि ती अडवलेली असल्यामुळे काही ऑफिसांच्या किंवा हॉटेलांच्या वायफायवर जोडलाच जात नाही. तिथे ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रोटोकॉल टीसीपी ४४३ वर, म्हणजे साध्या सुरक्षित साइट्स वापरतात त्याच मार्गावर, लावा. आणि जोडला जाऊनही काही साइट्स अर्धवटच उघडत असतील, तर सर्व्हर बदलत बसण्याआधी सेटिंग्जमधला एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४२० वरून १२८० वर आणून बघा.