वेई झेंगने न केलेली सही

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत गेली बरीच वर्षे मी व्हॉल्व्हचा छोटा कारखाना चालवतो. व्यवस्थापनाविषयी जे वाचले, त्यातला चीनच्या तांग राजवटीतील एक प्रसंग मनातून जात नाही.

इ.स. ६२६ मध्ये ताइझोंग दोन सख्ख्या भावांचा काटा काढून गादीवर आला. वेई झेंग हा त्यांपैकी थोरल्या भावाचा सल्लागार, तरीही नव्या सम्राटाने त्याला, राजाची चूक दाखवणे हेच ज्याचे काम, अशा पदावर नेमले. त्याच वर्षी १८ वर्षांखालील, पण अंगाने थोराड झालेल्या मुलांनाही सैन्यात घेण्याचा हुकूम तयार झाला. वेई झेंगने त्यावर सही केली नाही. तीन-चार वेळा कागद आला आणि तसाच परत गेला. संतापलेल्या सम्राटाने जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, की तळे आटवून मासे धरले तर मासे मिळतात, पण पुढच्या वर्षी उरत नाहीत. शिवाय गादीवर येऊन थोडेच दिवस झाले असताना सम्राटाने प्रजेला दिलेले शब्द कसे मोडले, हेही त्याने तोंडावर सांगितले. भरती रद्द झाली आणि वेई झेंगला सोन्याचा घडा मिळाला.

या गोष्टीतून बहुतेक जण सम्राटाच्या मनाचा मोठेपणा उचलतात. मला ती न केलेली सही अधिक मोलाची वाटते. तांग कारभारात हुकूम लिहिणारे, तपासणारे आणि अमलात आणणारे अशी तीन वेगळी खाती होती, त्यामुळे विरोध करायला जागा कारभारातच ठेवलेली होती.

माझ्या कारखान्यात ती जागा मीच पुसली. हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने गळती तपासण्याची चाचणी, अपुरी असल्याने आमच्या तपासनीस काकांनी सर्टिफिकेटवर सही नाकारली, आणि मुदत टळू नये म्हणून मी ती स्टोअरवाल्याकडून करून घेतली. माल गळतीमुळे परत आला. त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर काका समोर येईल त्या कागदावर मुकाट्याने सही करू लागले.

वेई झेंग ६४३ मध्ये वारला. पुढे संशयापोटी सम्राटाने त्याचा स्मृतिशिलालेख पाडवला. ६४५ मधील कोगुर्यो या कोरियातील राज्यावरची स्वारी फसल्यावर मात्र, वेई झेंग असता तर त्याने मला हे करू दिले नसते, असे म्हणून त्याने तो पुन्हा उभारला.

मी काकांच्या दांडिया बाजारातल्या घरी जाऊन माफी मागितली. आता सर्टिफिकेटवर त्यांच्याखेरीज कोणाचीही सही चालत नाही, माझीही नाही. गेल्या महिन्यात भरलेला ट्रक फाटकात उभा असताना त्यांनी दोन पेट्या उतरवून घेतल्या.