सिग्नल परतल्यानंतरचे पहिले मिनिट

अंतराळवीरांना नेणाऱ्या यानातील जीपीएस रिसीव्हरची चाचणी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर उड्डाण नव्हे, तर परतीचा प्रवास उभा राहतो. कक्षेतला प्रश्न अवघड असला तरी सरळ आहे. जमिनीवर स्थिर असलेल्या रिसीव्हरला डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे उपग्रह व रिसीव्हर यांच्या सापेक्ष वेगामुळे, 1575.42 मेगाहर्ट्झच्या सिग्नलच्या वारंवारितेत साधारण 5 किलोहर्ट्झपर्यंतचा फरक जाणवतो. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरणाऱ्या यानात तो 40 किलोहर्ट्झच्या आसपास जातो. त्यासाठी रिसीव्हर ज्या वारंवारितांमध्ये सिग्नल शोधतो तो पट्टा रुंद करावा लागतो, आणि बाजारातल्या रिसीव्हरवर निर्यात-नियंत्रणामुळे घातलेली वेगाची व उंचीची मर्यादाही काढलेली असावी लागते.

चाचणीच्या टेबलावर अर्थातच काहीच हलत नसते. सिम्युलेटर यानाचा नियोजित मार्ग घेतो, त्या मार्गावरील प्रत्येक क्षणी प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल कसा पोहोचला असता हे मोजतो आणि तसाच सिग्नल तयार करून केबलमधून थेट रिसीव्हरला देतो. रिसीव्हरच्या दृष्टीने तो खरोखरच उडत असतो.

खरी परीक्षा वातावरणात पुनःप्रवेश करताना होते. अंतराळवीर बसलेल्या कुपीभोवती तप्त, आयनित वायूचे आवरण तयार होते आणि काही मिनिटे सिग्नल मिळेनासा होतो. त्या काळात यानाचा वेग सेकंदाला काही किलोमीटरने घटतो, म्हणजे आवरण विरल्यावर रिसीव्हरने जर जुन्या वेगाच्या अंदाजावरूनच शोध सुरू केला, तर तो कित्येक किलोहर्ट्झ दूर, चुकीच्या जागी शोधत राहतो. सिग्नल सापडला तरी मंदन चालूच असते: एका ‘जी’ इतक्या, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाइतक्या, मंदनाने वारंवारिता दर सेकंदाला 50 हर्ट्झहून थोडी अधिक सरकते. मागोवा घेणारे सर्किट सैल ठेवले तर ते हा बदल पकडते, पण गोंगाटही आत घेते; घट्ट ठेवले तर सिग्नल निसटतो. जायरोस्कोप (फिरणे मोजणारे उपकरण) आणि त्वरणमापक यांच्या जडत्वीय प्रणालीकडून मिळणारा वेग येथे मोलाची मदत करतो, मात्र तो अंदाजही चुकलेला असू शकतो. म्हणून चाचणीत मी त्यात मुद्दाम चूक मिसळतो आणि सिग्नल वेगवेगळ्या क्षणी परत देतो.

किरणोत्साराने स्मृतीतील बिट उलटणे, निर्वातातील तापमान, कंपन या चाचण्याही तितक्याच आवश्यक आहेत, पण त्यांच्या पद्धती रुळलेल्या आहेत. मला सर्वाधिक काळजी वाटते ती आत्मविश्वासाने दिलेल्या चुकीच्या उत्तराची. रिसीव्हर गप्प राहिला तर यानाचा संगणक जडत्वीय प्रणालीवर काम चालवू शकतो. स्थान काही किलोमीटरने चुकलेले आणि सोबत ‘ग्राह्य’ अशी खूण, असे उत्तर आले तर तो त्यावर विश्वास ठेवील. त्यामुळे स्थान ठरवायला एरवी किमान चार उपग्रह लागत असताना तीनच उपग्रह दोन सेकंद दिसून पुन्हा हरवतात, हा प्रसंग माझ्या यादीत सर्वांत वर असतो, आणि तेथे मी आधी ती खूण पाहतो, स्थान नंतर.