कार्लोसचा रुपया

पावसात आमच्या फोंड्याला लाईट जाते ती जातेच, मग मी सोप्यावर खुर्ची ओढून राजा-राण्यांची चरित्रं वाचतो. पण राजा गडबडीच्या काळातला पाहिजे हं, ज्याचं सगळं सुरळीत चाललं त्याच्या पुस्तकात नुसती लग्नं आणि मेजवान्या, दहाव्या पानावर डोळा लागतो.

सध्या पोर्तुगालचा पहिला कार्लोस चालू आहे. याचा एक चांदीचा रुपया आजीच्या डब्यात होता, 1903 चा, जाड मानेचा मिशीवाला माणूस, आम्ही पोरं त्याला सावकार म्हणायचो. हा सावकार जलरंगात चित्रं काढायचा आणि बोट घेऊन समुद्राचा अभ्यास करायला जायचा, हे आत्ता कळतंय. त्याचा भाऊ अफोन्सो तर सत्तरीच्या दादा राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या 1895 च्या बंडानंतर फौज घेऊन इथे गोव्यात येऊन गेला. पुढे लिस्बनमध्ये तो मोटार भरधाव हाकत लोकांना ओरडायचा, "आरेदा, आरेदा", म्हणजे बाजूला व्हा, आणि शेवटी नावच पडलं आरेदा. कळंगुटच्या रस्त्यावर भाड्याच्या जीपा उडवणाऱ्यांचा मूळपुरुष हाच असणार.

तर 1 फेब्रुवारी 1908. देशात वातावरण तापलेलं, विरोधकांना हद्दपार करायच्या हुकमावर राजाने नुकतीच सही केलेली, आणि तरी हा बायकामुलांना घेऊन लिस्बनच्या चौकातून उघड्या बग्गीत निघाला. मला तारीख माहीत, त्याला नाही, तिथेच सगळी मजा आणि तिथेच पोटात गोळा. अरे बाबा, निदान टप तरी लाव, असं मी खरंच मोठ्याने म्हणालो, आतून आई म्हणाली कोण आलंय. गोळ्या सुटतात, राजा जातो, थोरला मुलगाही जातो, राणी अमेलिया हातातल्या फुलांच्या गुच्छाने मारेकऱ्याला बडवते. फुलांनी! ते पान मी तीनदा वाचलं. धाकट्या मानुएलच्या हाताला गोळी लागलेली, वय 18, आणि तोच राजा. 1910 च्या ऑक्टोबरात क्रांती झाली आणि हे पोर एका कोळ्यांच्या गावच्या किनाऱ्यावरून होडीत बसून बोट गाठतं, परत राजा म्हणून कधी येतच नाही, 1932 साली इंग्लंडातच वारला. मला भयंकर वाईट वाटलं.

आणि मग डोक्यात लख्ख पडलं, अरे, पण प्रजासत्ताक आलं म्हणून तर गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले! तोवर कितीतरी सरकारी दारं आपल्याला बंदच होती. पणजोबांच्या घरी त्या वर्षी साखर वाटली असेल की काय देव जाणे, आणि मी इथे त्याच राजासाठी हळहळतोय. चरित्रं लिहिणारे लबाड असतात, तीनशे पानं माणसाच्या घरात राहायला लावतात, मग जेवल्या घराचं कोण वाईट चिंतणार.

आईला विचारलं, आजीचा तो रुपया कुठाय गं?

"तो? चांदी होती ना चांगली. सोनाराकडे दिला, आत्याच्या लग्नात जोडव्यांत गेला."