एवढासा शब्द

आज लेकीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना 'रन'पाशी अडलो. रन म्हणजे धावणे, हे तिला पाठ. पण पुढच्याच वाक्यात कुणाचं तरी नाक 'रन' होत होतं, त्याखाली धुतलेल्या कापडाचा रंग! पेन्सिल खाली ठेवून तिने विचारलं, "आई, नाक कुठे धावतं गं?"

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढे 'रन'वर नव्याने काम झालं आणि त्याचे अर्थ ६४५ वर गेले. तीन अक्षरांचा शब्द! रोज वापरात राहूनच ही श्रीमंती येते, असं मला मनापासून वाटतं.

मग तिला म्हटलं, आपलं 'लागणे' बघ. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेडही लागतं. तिचे डोळे चमकले. पान भरलंय, "झोप लागते" शेवटी लिहून झोपलीये.